नावाची पाटी कोणाच्या नावावर?

व्यापारी घराण्यात दुकान बदलते, गाळा बदलतो, मालाचा प्रकारही पिढीगणिक बदलतो. पेढीचे नाव मात्र सहसा बदलत नाही. आजोबांनी सुरू केलेली भुसार मालाची आडत नातवाच्या काळात सुक्या मेव्याचे दुकान होते, तरी पाटीवरची अक्षरे तीच राहतात. उधारीवर माल पाठवणारा घाऊक व्यापारी आणि विश्वासाने पायरी चढणारे गिऱ्हाईक, या दोघांनाही ती अक्षरेच ओळखीची असतात. त्या नावाला बाजारात किंमत असते आणि भागीदारी मोडताना त्या किमतीवरून बैठकाही बसतात. याच नावाची दुसरी एक पाटी आता इंटरनेटवर लागलेली असते. ती कोणी लावली, कोणाच्या नावावर लावली, तिचे वार्षिक शुल्क कोण भरते आणि ते चुकले तर काय होते, हे प्रश्न मात्र पुष्कळ पेढ्यांत अद्याप कोणी विचारलेलेच नाहीत.

वेबसाइट उभी करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. शॉपिफाय, विक्स, वर्डप्रेस यांसारख्या कंपन्या तयार चौकट देतात. घरातील कॉलेजात शिकणारी मुलगी किंवा भाचा दोन दिवसांत मालाची छायाचित्रे, भाव आणि पैसे घेण्याची सोय त्यात बसवून देतो. सुरुवातीला कंपनी एक पत्ता फुकट देते. त्यात आधी आपल्या दुकानाचे नाव आणि त्याच्या शेपटीला त्या कंपनीचे नाव असते. असा पत्ता पिशवीवर छापायला लांब, दूरध्वनीवर सांगायला कठीण, आणि उद्या कंपनी बदलली की तो निरुपयोगी. म्हणून मग स्वतःचे डोमेन घ्यायचे आणि ते त्या वेबसाइटला जोडायचे, असा निर्णय होतो. जोडण्याचे प्रत्यक्ष काम तासाभराचे आहे. त्या तासाभरात केलेल्या दोन-चार निवडींचे परिणाम पुढे दहा-पंधरा वर्षे पेढीला भोगावे लागतात, म्हणून घरातील कर्त्या माणसाने ते काम निदान समजून घेतले पाहिजे. स्वतः संगणकासमोर बसलेच पाहिजे असे नाही. मुनीम वही लिहितो तेव्हाही शेठ ती वाचू शकतोच.

तीन वस्तू, तीन ठिकाणे

पहिला गोंधळ असा की, ‘वेबसाइट’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या वस्तू येतात आणि आपण त्या एकच समजतो.

डोमेन म्हणजे नाव. ते एका मोठ्या नोंदवहीत नोंदवलेले असते. ‘डॉट कॉम’ने संपणाऱ्या नावांची वही व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते; ‘डॉट इन’ची वही निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था सांभाळते. आपण या वहीवाल्यांकडे थेट जात नाही. मध्ये रजिस्ट्रार असतो. त्याला या बाजारातला अडत्या म्हणावे. तो आपल्याकडून शुल्क घेतो आणि आपल्या वतीने वहीत नोंद करतो. लोक म्हणतात, ‘डोमेन विकत घेतले’. वास्तविक ही विक्री नसून मुदतीचा पट्टा आहे. तो कमीत कमी एक वर्षाचा आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा असतो. मुदत संपण्यापूर्वी शुल्क भरले तर नाव पुढे आपल्याकडेच राहते, एवढाच आपला हक्क.

होस्टिंग म्हणजे गाळा. वेबसाइटची पाने, छायाचित्रे आणि मागण्यांची नोंद ज्या संगणकावर राहते ती जागा. ती भाड्याची असते आणि तशीच असावी. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे.

तिसरी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, आणि जोडणी म्हणतात ती नेमकी तिच्यातच घडते. मार्केट यार्डाच्या फाटकाशी एक फलक असतो: अमुक पेढी, अमुक गाळा. नवखा माणूस फलक वाचून आत जातो. पेढीने गाळा बदलला तर पाटी तीच राहते, फक्त फलकावरचा आकडा बदलावा लागतो. इंटरनेटवरच्या या फलकाला डीएनएस म्हणतात आणि आपल्या नावाचा फलक ज्या संगणकावर टांगलेला असतो त्याला नेमसर्व्हर. गिऱ्हाइकाने मोबाइलवर आपले नाव टाइप केले की त्याचे यंत्र आधी या फलकाकडे जाते, आकडा विचारते आणि मग त्या आकड्याच्या गाळ्याशी पोचते.

हा फलक मुळात एका यादीपासून सुरू झाला. सत्तरच्या दशकात अमेरिकेतील विद्यापीठांचे संगणक एकमेकांना जोडले गेले तेव्हा सर्वांची नावे आणि आकडे एकाच यादीत होते. ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखालची मंडळी ठेवत असत. संगणक वाढले, यादी हाताबाहेर गेली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी यादी मोडून तिची वाटणी करण्याची पद्धत मांडली: प्रत्येकाने आपल्या नावाखालचा हिशेब आपण ठेवावा आणि वरच्या पायरीवर फक्त ‘हा हिशेब कोणाकडे मिळेल’ एवढेच लिहिलेले असावे. मुख्य पेढी आणि तिच्या शाखा यांचे हेच नाते असते. १५ मार्च १९८५ रोजी ‘सिंबॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिले ‘डॉट कॉम’ नाव नोंदवले गेले. आज आपल्या गावातील भांड्यांच्या दुकानाचे नाव ज्या यंत्रणेवर चालते ती तीच.

जोडणी

आता प्रत्यक्ष काम. समजण्यासाठी आपण ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे नाव घेऊ. हे नाव पुस्तकांतील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहे; ते कोणालाही नोंदवता येत नाही, त्यामुळे कोणाच्या पेढीचा उल्लेख होण्याची भीती नाही.

जोडणीचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात रजिस्ट्रारकडे जाऊन नेमसर्व्हरच बदलतात, म्हणजे सगळा फलक उचलून होस्टिंग कंपनीच्या भिंतीवर टांगतात. पुढचे सारे ती कंपनी पाहते. दुसऱ्या मार्गात फलक आहे तेथेच राहतो आणि त्यावरच्या फक्त एक-दोन ओळी बदलतात. कंपन्यांना बहुधा पहिला मार्ग आवडतो, कारण त्यांची मदत-कचेरी हलकी होते. ज्या पेढीचे ईमेल त्याच नावावर चालते तिने माझ्या मते दुसराच मार्ग धरावा. त्याचे कारण पुढे येईलच.

फलकावरच्या ओळींना रेकॉर्ड म्हणतात. आपल्याला प्रथम दोनच रेकॉर्ड लागतात. एक ‘ए’ रेकॉर्ड: यात नावासमोर चार भागांचा आकडा असतो आणि प्रत्येक भाग शून्य ते २५५ यांपैकी असतो. दुसरे ‘सीनेम’: यात आकडा नसून दुसरे नाव असते, ‘मला शोधणाऱ्याने त्या नावाकडे जावे’ असा त्याचा अर्थ. होस्टिंग कंपनी आपल्या सूचनापत्रात आकडाही देते आणि नावही. मुख्य नावासमोर, म्हणजे रजिस्ट्रारच्या तक्त्यात जेथे ‘ॲट’चे चिन्ह दिसते तेथे, आकडा लिहायचा, आणि तीन डब्ल्यू लावलेल्या नावासमोर सीनेम लिहायचे.

दोन्हीकडे सीनेम का चालत नाही, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. यामागे नियम आहे. ज्या नावासमोर सीनेम असेल त्या नावासमोर दुसरी कोणतीही साधी नोंद असता कामा नये. मुख्य नावासमोर तर नेमसर्व्हरची नोंद असावीच लागते आणि बहुधा ईमेलचीही असते. म्हणून तेथे सीनेम बसत नाही. काही रजिस्ट्रारांनी यावर आपापल्या पळवाटा काढल्या आहेत. त्या ठीक चालतात, पण रजिस्ट्रार बदलताना त्या सोबत येतीलच असे नाही.

बहुतेकांचे गाडे अडते ते नवे लिहिताना नव्हे, जुने न पुसल्यामुळे. नाव नोंदवताच रजिस्ट्रार आपल्या जाहिरातीच्या पानाचा एक ‘ए’ रेकॉर्ड तेथे ठेवून देतो. तो तसाच राहिला आणि आपण खाली दुसरा लिहिला तर फलकावर एकाच पेढीपुढे दोन गाळे होतात. काही गिऱ्हाइके नव्या दुकानात जातात, काही जाहिरातीच्या पानावर. मालक म्हणतो, ‘माझ्याकडे तर उघडते आहे!’ याहून फसवा प्रकार ‘चार ए’ नावाच्या रेकॉर्डचा. आकड्यांच्या नव्या, लांब पद्धतीसाठी ते असते. जुन्या होस्टिंगचे चार ए रेकॉर्ड पुसायचे राहिले तर दुकानातील ब्रॉडबँडवर नवी वेबसाइट दिसते आणि जिओसारख्या जाळ्यावरच्या मोबाइलवर जुनी, कारण तेथे नवी लांब पद्धत आधी वापरली जाते. दोन्ही यंत्रे एकाच टेबलावर असतात आणि दोन निरनिराळी दुकाने दाखवतात. अशा वेळी वेबसाइट बनवणाऱ्याला दोष देण्यापूर्वी फलक वाचावा.

एवढ्याने अर्धेच काम झाले. फलकावर गाळ्याचा आकडा आला, पण गाळ्याच्या मालकालाही सांगावे लागते की या नावाने येणाऱ्यास आमच्याकडे पाठव. एकाच आकड्यामागे होस्टिंग कंपनीची हजारो दुकाने असतात. म्हणून तिच्या तक्त्यात आपले डोमेन नोंदवावे लागते. काही कंपन्या नाव खरोखर आपलेच आहे याची खूण मागतात. त्यासाठी ‘टीएक्सटी’ नावाच्या रेकॉर्डमध्ये त्यांनी दिलेली अक्षरे लिहायची. त्यानंतर कंपनी कुलपाचे चिन्ह दाखवणारे प्रमाणपत्र मिळवते. पूर्वी त्याचे पैसे पडत. आता लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था ते विनामूल्य देते आणि होस्टिंग कंपन्या ते मुदतीआधी आपोआप नवे करून घेतात. फलक आधी बदललेला असला तरच हे प्रमाणपत्र मिळते. त्यामुळे मध्ये काही मिनिटे, क्वचित काही तास, ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असा इशारा देत राहतो. म्हणूनच हे काम धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी काढू नये. मंगळवार-बुधवारची निवांत दुपार बरी.

बदल दिसायला वेळ का लागतो, याचे उत्तर ‘चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत तो जगभर पसरतो’ असे दिले जाते. खरे तर काहीच पसरत नाही. एकदा विचारलेला आकडा वाटेतील यंत्रे काही काळ लक्षात ठेवतात आणि तो काळ संपेपर्यंत पुन्हा विचारायला येत नाहीत. किती काळ, हे त्या रेकॉर्डच्या शेजारी सेकंदांत लिहिलेले असते: ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. जाणता माणूस बदलाच्या एक दिवस आधी हा आकडा ३०० करून ठेवतो. मग जुना गाळा पाच मिनिटांत विसरला जातो आणि काम पार पडल्यावर आकडा पुन्हा पूर्ववत करता येतो. नेमसर्व्हरच बदलणाऱ्याला मात्र ही युक्ती उपयोगी पडत नाही, कारण त्यांची मुदत वरच्या वहीत ठरलेली असते आणि ती आपल्या हातात नसते.

ईमेलचे दुखणे

दुसऱ्या मार्गाचा आग्रह का धरला, ते आता सांगतो. त्याच फलकावर ‘एमएक्स’ नावाच्या ओळी असतात. आपल्या नावाने येणारी डाक कोणाच्या दारात टाकायची, हे त्या सांगतात. वेबसाइट एका कंपनीकडे आणि ईमेल दुसऱ्या कंपनीकडे, असे अनेक पेढ्यांत असते. नेमसर्व्हर बदलून सगळा फलक होस्टिंग कंपनीकडे नेला की तेथे नवा कोरा फलक लागतो. वेबसाइटच्या ओळी त्यावर असतात; ईमेलच्या ओळी कोणी आठवणीने उतरवून घेतल्या नसतील तर नसतात. वेबसाइट झकास उघडते, घरात पेढे वाटले जातात आणि त्या क्षणापासून डाक बंद होते.

बंद झालेली डाक लगेच लक्षात येत नाही, हे यातले खरे दुखणे. दुकान बंद असले तर शेजारी सांगतो. न आलेले पत्र कोण सांगणार? सुरतच्या कापड गिरणीने भाववाढीचे पत्र धाडले, दक्षिणेतल्या ग्राहकाने मोठी मागणी नोंदवली, सनदी लेखापालांनी विवरणपत्राची मुदत कळवली. पाठवणाऱ्यांना दोन दिवसांनी ‘पोचले नाही’ असे उत्तर मिळाले तर मिळाले.

याच्याच जोडीला आणखी दोन ओळी असतात, एसपीएफ आणि डीकेआयएम. आपल्या नावाने ईमेल पाठवण्याचा अधिकार कोणत्या यंत्रांना आहे, हे पहिली सांगते. दुसरी प्रत्येक पत्रावरच्या सहीची खातरजमा करते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांवर या दोन्हींची सक्ती केली आहे. लहान पेढीलाही त्या असलेल्या बऱ्या. त्या हरवल्या तर आपली बिले गिऱ्हाइकाच्या रद्दीच्या कप्प्यात जातात आणि वसुलीसाठी दूरध्वनी केला की समोरचा शपथेवर सांगतो, बिल आलेच नाही. तो खोटे बोलत नसतो.

तेव्हा कोणत्याही मार्गाने जा, हात लावण्यापूर्वी फलकावरची प्रत्येक ओळ उतरवून घ्या. छायाचित्र काढून कागदावर छापले तरी चालेल. आणि काम झाल्यावर दुसऱ्याच नावाच्या खात्यावरून, जीमेलवरून म्हणा, पेढीला एक पत्र पाठवून ते पोचते का, हे त्याच दिवशी पाहा.

मुदत

१९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या हॉटमेल सेवेत अनेकांना शिरता येईना. खाते उघडण्याचे काम ज्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’ नावावर चाले, त्याचे वार्षिक शुल्क भरायचे राहून गेले होते. रक्कम होती ३५ डॉलर. मायकल चेनी नावाच्या एका प्रोग्रॅमरच्या ते ध्यानात आले आणि त्याने स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून ती भरून टाकली! जगातील सर्वात धनाढ्य कंपन्यांपैकी एकीची ही गोष्ट आहे. आपल्याकडे तर हे शुल्क लक्षात ठेवण्याचे काम तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या ईमेलवर सोपवलेले असते.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची. मूळचे कच्छमधील मांडवीचे सन्मय वेद २९ सप्टेंबर २०१५ रोजी गूगलच्याच डोमेन विक्रीच्या पानावर नावे चाळत होते. ‘गूगल डॉट कॉम’ हे नाव तेथे विक्रीला उपलब्ध दिसले. त्यांनी १२ डॉलर भरले आणि नाव त्यांच्या खात्यात आले. सुमारे एक मिनिट ते त्यांच्याकडे होते. मग गूगलने व्यवहार रद्द केला आणि त्यांना ६,००६ डॉलर १३ सेंट बक्षीस दिले. हा आकडा नीट पाहिला तर इंग्रजीतील ‘गूगल’ शब्दासारखा दिसतो. ही रक्कम आपण दानासाठी देणार असल्याचे त्यांनी सांगितल्यावर गूगलने ती दुप्पट केली. गूगलला व्यवहार एका मिनिटात फिरवता आला, कारण विकणारी पेढीही तिचीच होती. तुमच्या-आमच्या नावाला ती सोय नाही.

‘डॉट कॉम’ नावाची मुदत संपली की काय होते, हे ठाऊक असावे. रजिस्ट्रारने सुमारे एक महिना आणि एक आठवडा आधी सूचना द्यावी, आणि मुदत उलटल्यावर पाच दिवसांच्या आत पुन्हा एक द्यावी, असा नियम आहे. त्यानंतर काही दिवस रजिस्ट्रारच्या मर्जीचे, साध्या शुल्कात नाव परत मिळण्याचे. नाव वहीतून काढले गेले की ३० दिवस सोडवणुकीचे. तेव्हा शुल्क एकदम कितीतरी पट होते. त्यानंतर पाच दिवस नाव कोणालाच मिळत नाही आणि मग ते बाजारात मोकळे होते. मोकळ्या नावांवर टपून बसलेले व्यापारी आहेत. त्यांची यंत्रे सेकंदाच्या आत नाव उचलतात. पुष्कळदा तर तेवढीही वाट पाहावी लागत नाही, कारण काही रजिस्ट्रार मुदत उलटल्यावर काही आठवड्यांतच नाव लिलावात काढतात.

नाव गेले म्हणजे वेबसाइट गेली, एवढ्यावर हे थांबत नाही. ज्याने नाव घेतले तो त्यावर ईमेल सुरू करू शकतो. मग जीएसटीच्या खात्याशी, बँकेशी, मालवाहतूक कंपनीशी पेढीचा जो ईमेल पत्ता जोडलेला आहे, त्यावर येणारी पत्रे त्याच्या दारात पडू लागतात. ‘परवलीचा शब्द विसरलो’ म्हटले की नव्या शब्दाचा दुवा कोठे जातो, हे आठवून पाहावे.

म्हणून रजिस्ट्रारकडील खात्याला पेढीच्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नये. नाव बंद पडले की सूचनाही बंद पडते. तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवून दार ओढून घेतल्यासारखे ते होते. वेगळा ईमेल द्यावा आणि मोबाइल क्रमांक कर्त्या माणसाचा असावा. शुल्क आपोआप कापले जाण्याची सोय जरूर करावी, पण कार्डाची मुदत संपली की तीही थांबते. तेव्हा दिवाळीत नवी वही घालतो त्या दिवशी पहिल्याच पानांत डोमेनचे नाव, रजिस्ट्रार, खात्याचा ईमेल आणि मुदतीची तारीख लिहावी. पाच वर्षांचे शुल्क एकदम भरणे मला तरी सोयीचे वाटते. वर्षाला साधारण हजार-पंधराशे रुपयांचा हा प्रश्न आहे. एक सावधगिरी मात्र हवी. मुदत जवळ आली की भलत्याच कंपन्या सरकारी थाटाची पत्रे पाठवून शुल्क मागतात. पैसे आपल्या रजिस्ट्रारच्या खात्यात स्वतः शिरूनच भरावेत, पत्रातील दुव्यावरून कधीही नाही.

नाव कोणाचे?

आता सर्वात नाजूक भाग. वेबसाइट बनवून देणारा गृहस्थ बहुधा डोमेनही आपल्याच खात्यातून नोंदवतो. त्यात दरवेळी कपट असते असे नाही. वीस गिऱ्हाइकांची नावे एका खात्यात असली की त्याला सोपे जाते. पण वहीत धारक म्हणून नाव कोणाचे लागते? त्याचे. तो गाव सोडून गेला, आजारी पडला, शुल्कावरून रुसला, तर पेढीचे नाव त्याच्या मुठीत. गाळ्याचा करार रंगाऱ्याच्या नावाने कोणी करत नाही.

नोंद तपासायला आयकॅन या नियामक संस्थेचे शोधपान आहे, पण २०१८ पासून खासगीपणाच्या नियमांमुळे ‘डॉट कॉम’ नावांच्या धारकाची माहिती बहुधा झाकलेली असते. त्यामुळे खात्यात शिरून पाहण्याला पर्याय नाही. तेथे धारकाच्या नावाचा एक रकाना असतो आणि संस्थेच्या नावाचा दुसरा. दुसऱ्यात पेढीचे नाव, जीएसटी नोंदणीत आहे तसेच, लिहिलेले असावे.

दुसऱ्याच्या खात्यात असलेले नाव आपल्याकडे आणता येते. एकाच रजिस्ट्रारकडे दोघांची खाती असतील तर ते सहज सरकते. रजिस्ट्रार बदलायचा असेल तर नावाचे कुलूप काढून एक संकेतशब्द मागावा लागतो. ‘डॉट कॉम’साठी धारकाने मागणी केल्यापासून पाच दिवसांत तो मिळाला पाहिजे, असा नियम आहे. नवी नोंदणी असेल किंवा नुकताच रजिस्ट्रार बदलला असेल तर साधारण साठ दिवस थांबावे लागते. हे सारे गोडीगुलाबीचे संबंध असतानाच उरकावे. शेवटचे बिल चुकते करण्यापूर्वी, हेही सांगून ठेवतो.

भांडण कोर्टात गेले तर कायदा व्यापाऱ्याला वाऱ्यावर सोडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली रेडिफच्या नावाशी एका अक्षराच्या फरकाने जुळणारे ‘रॅडिफ’ हे डोमेन वापरण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात स्पष्ट केले की, डोमेनसाठी वेगळा कायदा नसला तरी व्यापारचिन्हाला मिळते तसे संरक्षण त्याला मिळू शकते. ‘डॉट इन’ नावांसाठी निक्सीची स्वतःची लवाद-व्यवस्था आहे. पण ही वाट परक्याविरुद्धची. दोन सख्खे भाऊ वेगळे होतात तेव्हा दोघांचेही नावावर प्रामाणिक नाते असते, आणि तेथे लवाद तरी काय ठरवणार?

भागीदारी कायदा १९३२चा. पेढीच्या मालमत्तेत तिचा नावलौकिक येतो, असे त्याच्या १४व्या कलमात म्हटले आहे. विसर्जनानंतर पेढीचे नाव परस्पर वापरण्यास ५३वे कलम मनाई मागू देते आणि नावलौकिक विकण्याची रीत ५५व्या कलमात आहे. डोमेन या मालमत्तेत धरता येईल, पण कागदावर तसे लिहिलेले असले तर वाद उद्भवत नाही. वाटणीपत्रात गाळे येतात, माल येतो, येणी-देणी येतात, दूरध्वनी क्रमांकही येतो. डोमेन मात्र राहून जाते. ते ज्या पुतण्याच्या खात्यात असते त्याच्याकडे ते आपसूक जाते आणि दुसऱ्या बाजूला हे सहा महिन्यांनी कळते.

भागीदारीपत्रात एक कलम घालून घ्यावे: पेढीच्या नावाची सर्व डोमेन पेढीच्या मालकीची असून कोणत्याही भागीदाराने किंवा नोकराने ती आपल्या खात्यातून नोंदवली असली तरी ती त्याने पेढीसाठी सांभाळलेली आहेत. वेगळे होताना ज्याच्या वाट्याला डोमेन येईल त्याने दुसऱ्या भावाच्या जुन्या ईमेल पत्त्यावर येणारी पत्रे निदान एक वर्ष त्याच्या नव्या पत्त्याकडे वळती करून द्यावीत, आणि त्या वर्षाच्या शुल्काचा अर्धा वाटा दुसऱ्याने द्यावा. फलकावर यासाठी नवी ओळही लागत नाही. ईमेल सेवेच्या तक्त्यात प्रत्येक पत्त्यापुढे वळणाचा नवा पत्ता भरला की झाले, दहा मिनिटांचे काम आहे.